डॉक्टर झाला, पण दवाखाना थाटलाच नाही

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. कुणाचं ब्रेकअप झालं, कुणाला केटी लागली, कुणाचं घरी वाजलं, की पहिला फोन त्याला जातो. तो ऐकून घेतो, मध्ये तोंड घालत नाही, आणि फोन ठेवताना समोरच्याला जरा हलकं वाटतं. मग कट्ट्यावर सगळे त्याला सांगतात, बाबा रे, तू सायकॉलॉजीच घे. कदाचित तो ‘एक जण’ तुम्हीच असाल.

आणि मग घरी विषय निघतो. मनाचंच काम करायचंय ना, मग एमबीबीएस करून सायकायट्रिस्ट हो, निदान नावामागे डॉक्टर तरी लागेल, असं काका सांगतात. सायकॉलॉजी करून पुढे काय, असं आत्या विचारते. तुम्ही मोबाइलवर शोधत बसता आणि आधीपेक्षा जास्त गोंधळता.

आधी साधा फरक सांगून टाकू. सायकायट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हा आधी डॉक्टर असतो. नीट, एमबीबीएस, मग मानसोपचारातली पीजी. तो आजाराचं निदान करतो, औषधं लिहितो, गरज पडली तर पेशंटला ॲडमिट करतो. सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, बीए किंवा बीएस्सी आणि मग एमए किंवा एमएस्सी करून येतो. पेशंटबरोबर क्लिनिकल काम करायचं असेल, तर त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. त्याचं काम मानसिक चाचण्या, थेरपी, समुपदेशन आणि संशोधन. औषधांची चिठ्ठी तो लिहीत नाही.

इतकं वाचूनही ठरत नाही, हो ना? मग दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मुलाला भेटा. त्याचीही अशीच गोची झाली होती. त्यात आणखी भर म्हणजे, त्याच्या समोरच्या दोन रस्त्यांपैकी एक रस्ता त्याच्या देशात अजून तयारच झालेला नव्हता.

त्याचं नाव विल्यम जेम्स. सायकॉलॉजी घेतलेल्यांना तो एफवायच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच भेटतो. फंक्शनॅलिझम, जेम्स-लँग थिअरी, अमेरिकन मानसशास्त्राचा जनक, वगैरे. पाच मार्कांची टीप लिहायची आणि पुढे जायचं. पण पुस्तकातल्या त्या दाढीवाल्या फोटोच्या आधी एक विशी-पंचविशीतला मुलगा होता, ज्याला आपण काय व्हायचं हे काही केल्या ठरवता येत नव्हतं. गोष्ट त्याच्या तुमच्या-आमच्या वयातली आहे, म्हणून इथे त्याला ‘अहो जाहो’ न करता ‘तो’च म्हणू.

घरात पैसा, डोक्यात गोंधळ

विल्यमचा जन्म ११ जानेवारी १८४२ चा, न्यूयॉर्कचा. पाच भावंडांत थोरला. त्याच्या पाठचा भाऊ हेन्री पुढे मोठा कादंबरीकार झाला, आणि धाकटी बहीण ॲलिस तिच्या डायरीमुळे ओळखली गेली. आजोबा आयर्लंडहून अमेरिकेत आले आणि त्यांनी चिक्कार पैसा कमावला. त्यामुळे वडिलांना, म्हणजे थोरल्या हेन्री जेम्स यांना, पोटासाठी नोकरी करायची गरजच पडली नाही. ते धर्म आणि तत्त्वज्ञानावर लिहायचे, आणि मुलांना उत्तम शिक्षण मिळावं म्हणून सतत शाळा बदलायचे. नुसती शाळा नाही, देशसुद्धा! न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, जिनिव्हा, बॉन. विल्यमला फ्रेंच आणि जर्मन छान यायला लागलं, पण एका जागी बसून एक अभ्यासक्रम पुरा करण्याची सवय काही लागली नाही.

अठराव्या वर्षी त्याला चित्रकार व्हायचं होतं. हात चांगला होता. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला विल्यम मॉरिस हंट नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत तो शिकायला लागला. वडिलांना मात्र मुलाने विज्ञानाकडे जावं असं वाटत होतं. आपल्याकडे हे सगळ्यांना ओळखीचं आहे, फक्त आपल्याकडे वडील इंजिनीअरिंग म्हणतात. साधारण वर्षभरात विल्यमने ब्रश खाली ठेवला.

१८६१ मध्ये तो हार्वर्डच्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये दाखल झाला, केमिस्ट्रीला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्याचे दोन धाकटे भाऊ पुढे सैन्यात गेले, त्यातला विल्की १८६३ मध्ये गंभीर जखमी झाला. विल्यम आणि हेन्री युद्धावर गेले नाहीत. इकडे विल्यमचं केमिस्ट्रीतही मन रमेना. प्रयोगशाळेतली तीच तीच कामं त्याला नकोशी झाली. तिथून तो शरीररचनाशास्त्राकडे वळला. म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत चित्रकला सोडली, केमिस्ट्री सोडली, आणि पुढे काय याचा पत्ता नाही.

मनोरुग्णांचा डॉक्टर व्हावं का?

आता आपला मुद्दा येतो. १८६३ च्या शरद ऋतूत, म्हणजे आपल्याकडच्या टीवायच्या वयात, विल्यमने घरच्यांना आणि नातेवाइकांना जी पत्रं लिहिली, त्यात करिअरचा हिशोब मांडलेला दिसतो. निसर्गविज्ञानात जायचं तर आवड आहे पण पैसा नाही. मेडिकलला जायचं तर पैसा आहे, पण मन पूर्ण तयार नाही. उद्या लग्न करायचं म्हटलं तर घर कशावर चालणार, हाही विचार त्यात आहे.

त्याच्या एका चुलत बहिणीचे यजमान डॉ. प्रिन्स हे मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. या बहिणीला लिहिलेल्या पत्रात विल्यम म्हणतो, की वैद्यकाच्या सगळ्या शाखांमध्ये मला हीच शाखा सर्वांत रंजक वाटते, आणि काही ठरवण्याआधी ते रुग्णालय आणि तिथले रुग्ण बघायची इच्छा आहे. म्हणजे आपण ज्याला आज सायकायट्री म्हणतो, ती त्याच्या यादीत होती, आणि बरीच वर होती.

पण तेव्हाची सायकायट्री म्हणजे काय, हे बघायला हवं. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांच्या तेरा प्रमुखांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. आजची अमेरिकन सायकायट्रिक असोसिएशन ती हीच. म्हणजे हा पेशा होता रुग्णालय चालवणाऱ्यांचा. शहराबाहेर मोठी इमारत, शेकडो रुग्ण, नियमित दिनक्रम, शेतातलं काम, आणि कुणी आवरेनासं झालं तर बांधून ठेवणं. गंभीर मानसिक आजारावर खरोखर उपयोगी पडेल असं औषध डॉक्टरच्या हातात नव्हतं. क्लोरप्रोमाझिन हे अशा आजारांवरचं पहिलं परिणामकारक औषध वापरात आलं १९५२ मध्ये, फ्रान्समध्ये.

आणि सायकॉलॉजी? अमेरिकन कॉलेजांत तो वेगळा विषयच नव्हता. तत्त्वज्ञानाच्या तासाला आत्मा, बुद्धी, इच्छा यांवर व्याख्यानं व्हायची, इतकंच. मनाचा अभ्यास प्रयोग करून, मोजमाप घेऊन करता येईल, ही कल्पना जर्मनीत नुकती कुठे मूळ धरत होती. त्यामुळे विल्यमला ‘मी सायकॉलॉजिस्ट होणार’ असं म्हणताच येत नव्हतं. १८६४ मध्ये त्याने हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश घेतला. फार आनंदाने घेतला असं नाही. हातात असलेल्या पर्यायांत तो बरा होता, म्हणून घेतला.

ॲमेझॉनची ट्रिप

मेडिकलच्या मध्येच, १८६५ मध्ये, त्याने ब्रेक घेतला आणि थेट ब्राझील गाठलं. हार्वर्डचे नामवंत निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ ॲमेझॉन नदीत मासे गोळा करायला मोहीम घेऊन निघाले होते, त्यात हा स्वयंसेवक म्हणून गेला. रिओला पोचल्यावर त्याला देवीसारखा सौम्य आजार झाला, डोळ्यांना त्रास झाला, काही काळ पडून राहावं लागलं. पुढे महिनोन्‌महिने मासे पकडायचे, त्यांना लेबल लावायचं, पिंपात भरायचं.

या ट्रिपमधून त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. वस्तू गोळा करणं, त्यांची वर्गवारी लावणं हे आपलं काम नाही. आपल्याला विचार करायला आवडतो, ‘का’ विचारायला आवडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही त्याची इंटर्नशिप होती, आणि इंटर्नशिपने तिचं काम केलं. काय करायचं नाही, हे कळलं.

परत येऊन तो पुन्हा मेडिकलच्या वर्गात बसला. काही काळ मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कामही केलं. पण तब्येत साथ देईना. पाठ इतकी दुखायची की उभं राहणं अवघड. डोळे दुखायचे, झोप यायची नाही. वॉर्डमध्ये तासन्‌तास उभं राहणाऱ्या डॉक्टरसाठी हे फार मोठं संकट होतं.

१८६७ मध्ये तो जर्मनीला गेला. पाठीसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांचे उपचार घ्यायचे, जर्मन पक्कं करायचं आणि बर्लिनला फिजिऑलॉजीची व्याख्यानं ऐकायची, असा बेत. तिथेच त्याच्या पत्रांत पहिल्यांदा एक नवी गोष्ट दिसते. मानसशास्त्र हे विज्ञान व्हायची वेळ बहुधा आली आहे, मज्जातंतूंमधले बदल आणि मनात उमटणारी जाणीव यांच्यामधल्या जागेत काहीतरी मोजता येऊ लागलंय, आणि हायडेलबर्गला हेल्महोल्ट्झ आणि वुंट नावाचे लोक त्यावर काम करतायत, असं तो मित्राला कळवतो. १८६८ मध्ये तो हायडेलबर्गला गेलासुद्धा. आणि काही दिवसांतच तिथून निघूनही आला. मन इतकं खचलेलं होतं, की ज्यासाठी गेला ते करायचं बळच नव्हतं. याच काळात त्याच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचारही येत होते.

डिग्री हातात, आणि पुढे अंधार

जून १८६९ मध्ये विल्यम जेम्स हार्वर्डचा एमडी झाला. वय सत्तावीस. ही त्याने आयुष्यात अभ्यास करून मिळवलेली एकमेव पदवी. आणि या पदवीच्या जोरावर त्याने दवाखाना कधीच उघडला नाही. पुढची जवळपास तीन वर्षं तो आईवडिलांच्या घरी, केंब्रिजमध्ये, बराचसा वेळ वाचत पडून होता. नोकरी नाही, प्रॅक्टिस नाही. आजच्या भाषेत तीन वर्षांचा गॅप.

मार्च १८७० मध्ये त्याची लाडकी आतेबहीण मिनी टेम्पल क्षयाने गेली. ती जेमतेम चोवीस वर्षांची होती. आधीच खचलेला विल्यम आणखी खाली गेला.

याच सुमाराचा एक अनुभव त्याने कितीतरी वर्षांनी, १९०२ च्या आपल्या पुस्तकात लिहिला. लिहिताना तो एका फ्रेंच माणसाचा म्हणून दिला, पण तो आपलाच होता हे नंतर त्याने मान्य केलं. संध्याकाळी एका खोलीत शिरताना त्याला अचानक भयंकर भीती वाटली. त्याच क्षणी मनोरुग्णालयात पाहिलेला एक तरुण रुग्ण डोळ्यांसमोर आला. दिवसभर बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसणारा, एकटक बघणारा. आणि विल्यमला वाटलं, त्याच्यात आणि माझ्यात अंतरच काय आहे? त्याच्यावर जी वेळ आली ती माझ्यावर कधीही येऊ शकते. त्यानंतर कित्येक दिवस त्याला अंधारात एकट्याने जायची भीती वाटायची.

इथे जरा थांबा. ज्या शाखेत जायचा विचार त्याने एकविसाव्या वर्षी केला होता, तिथला रुग्ण आता त्याला स्वतःमध्ये दिसत होता. पुढे तो मनाबद्दल जे काही लिहिणार होता, त्यात ‘ते वेडे आणि आपण शहाणे’ अशी भिंत कधी आली नाही. का आली नसेल, त्याचं बरंचसं कारण इथे सापडतं.

३० एप्रिल १८७० च्या डायरीत एक वळण आहे. शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचं लेखन तो वाचत होता. माणूस खरंच स्वतः काही निवडू शकतो, की सगळं शरीराच्या यंत्रात आधीच ठरलेलं असतं, या प्रश्नाने त्याला पछाडलेलं होतं. मेडिकल शिकलेल्या माणसाला तर हा प्रश्न जास्तच छळतो. रनूव्हिएच्या वाचनातून त्याने ठरवलं, की आपल्याकडे निवडीचं स्वातंत्र्य आहे असं निदान वर्षभर तरी मानून चालू. आणि त्या स्वातंत्र्याने करायची पहिली निवड हीच, की स्वातंत्र्य आहे असं मानायचं.

सिनेमात असतं तर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला असता. तसं झालं नाही. तो हळूहळू, मागेपुढे होत, दोन-तीन वर्षांत सावरला, आणि निराशेचे झटके आयुष्यभर अधूनमधून येतच राहिले. म्हणून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुस्तक वाचून डिप्रेशन जातं असा अर्थ यातून काढू नका. विल्यमच्या काळात जी मदत नव्हती ती आज आहे. तुम्हाला किंवा मित्राला असा अंधार जाणवत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे.

एक नोकरी, आणि रस्ता सुरू

१८७२ मध्ये संधी चालून आली. त्याला पूर्वी केमिस्ट्री शिकवलेले चार्ल्स एलियट आता हार्वर्डचे अध्यक्ष झाले होते. त्यांनी त्याला कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवशील का असं विचारलं. १८७३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, विल्यम वर्गात उभा राहिला. आणि गंमत म्हणजे त्याची तब्येत सुधारायला लागली. रोज कुठेतरी जायचंय, कुणीतरी आपली वाट बघतंय, याचा त्याला आधार झाला.

आता बघा, मेडिकलची ‘वाया गेलेली’ वर्षं कशी कामाला आली. फिजिऑलॉजी शिकवता शिकवता त्याने मेंदू आणि मज्जातंतूंवर भर द्यायला सुरुवात केली. १८७५ मध्ये फिजिऑलॉजी आणि सायकॉलॉजी यांच्या संबंधावर त्याने नवा कोर्स सुरू केला, आणि प्रयोग दाखवायला एका छोट्या खोलीत उपकरणं मांडली. वुंटची लाइपझिगची प्रसिद्ध प्रयोगशाळा सुरू झाली १८७९ मध्ये. सायकॉलॉजीचा विद्यार्थी म्हणून विल्यम कधी कुठल्या वर्गात बसलाच नव्हता. सायकॉलॉजीवरचं पहिलं लेक्चर आपण ऐकलं ते स्वतःचंच, असं तो गमतीने सांगायचा. १८७८ मध्ये स्टॅन्ली हॉल या त्याच्या विद्यार्थ्याला पीएचडी मिळाली. सायकॉलॉजीतली अमेरिकेतली पहिली पीएचडी म्हणून ती ओळखली जाते.

त्याच वर्षी विल्यमने बॉस्टनमधली शिक्षिका ॲलिस गिबन्स हिच्याशी लग्न केलं, आणि हेन्री होल्ट या प्रकाशकाशी सायकॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकाचा करारही केला. दोन वर्षांत देतो म्हणाला. किती लागली? बारा! सबमिशनच्या तारखा पुढे ढकलणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल. १८९० मध्ये ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ दोन खंडांत आलं, जवळपास १४०० पानांचं. दोन वर्षांनी त्याची छोटी आवृत्ती निघाली. विद्यार्थी मोठ्या पुस्तकाला ‘जेम्स’ आणि छोट्याला ‘जिमी’ म्हणायचे.

या पुस्तकात डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ शेजारी शेजारी बसलेले दिसतात. सुरुवात होते मेंदूच्या कार्यापासून. मग सवय येते. सवय मज्जासंस्थेत वाट कशी पाडते, आणि म्हणून तरुणपणी लागलेल्या सवयी पुढे का सुटत नाहीत, हे तो समजावतो. मग येतो विचारांचा प्रवाह. मनात सुटे सुटे विचार मण्यांसारखे ओवलेले नसतात, ते नदीसारखे अखंड वाहतात, ही त्याची कल्पना पुढे कादंबरीकारांनीही उचलली. भावनांबद्दल त्याचं म्हणणं तर उलटंच. आपण घाबरतो म्हणून छाती धडधडते असं आपल्याला वाटतं. तो म्हणतो, शरीरात आधी बदल होतो, आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भीती. डेन्मार्कचा डॉक्टर कार्ल लँग यानेही स्वतंत्रपणे जवळपास हेच मांडलं, म्हणून ती जेम्स-लँग थिअरी. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो तेव्हा आठवून बघा.

मधलं दार

विल्यम सायकॉलॉजीकडे गेला, पण मागचं दार लावून घेतलं नाही. त्याची विद्यार्थिनी गर्ट्रूड स्टाइन, जी पुढे लेखिका म्हणून गाजली, तिला सायकॉलॉजीत पुढे जायचं होतं. तिच्या सांगण्यानुसार जेम्सने तिला सल्ला दिला, आधी मेडिकल कर. ती जॉन्स हॉपकिन्सला गेली, रमली नाही, पदवी न घेता बाहेर पडली. म्हणजे जो रस्ता एकाला पोचवतो तो दुसऱ्याला पोचवेलच असं नाही, अगदी सल्ला विल्यम जेम्सचा असला तरी.

मेरी कॅल्किन्सची गोष्ट वेगळी. १८९० मध्ये ती जेम्सच्या वर्गात आली. हार्वर्ड मुलींना रीतसर प्रवेश देत नव्हतं. वर्गातले मुलगे एकेक करून गळाले आणि उरली ती एकटी, नुकत्याच छापून आलेल्या ‘प्रिन्सिपल्स’चा अभ्यास त्याच्या लेखकाबरोबर करणारी. तिने पीएचडीचं सगळं काम पूर्ण केलं, जेम्स आणि विभागातले प्राध्यापक तिच्या बाजूने उभे राहिले, तरी हार्वर्डने ती बाई आहे म्हणून पदवी नाकारली. १९०५ मध्ये हीच मेरी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पहिली महिला अध्यक्ष झाली. ही संघटना १८९२ ची. डॉक्टरांची संघटनाही एपीए आणि मानसशास्त्रज्ञांचीही एपीए, त्यामुळे नेटवर वाचताना नीट बघा. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरलं जाणारं ‘डीएसएम’ हे पहिलीचं, डॉक्टरांच्या संघटनेचं.

डॉक्टर असूनही जेम्सने एकदा डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला. १८९४ आणि १८९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये असे कायदे आणायचा प्रयत्न झाला, की मेडिकलची परवानगी नसलेल्यांना मनावरचे उपचार करता येऊ नयेत. जेम्सने विरोध केला. मन कसं बरं होतं हे अजून वैद्यकालाही पुरतं ठाऊक नाही, मग बाकीच्यांना दार बंद करून शिकायचे मार्ग का बुजवायचे, असा त्याचा मुद्दा होता. आज आपण हे जसंच्या तसं मान्य करू शकत नाही. बिनशिक्षणाचे ‘माइंड कोच’ काय नुकसान करतात ते दिसतंच आहे. पण मनावरच्या उपचारात डॉक्टरशिवाय इतरांनाही जागा आहे, ही त्याची बाजू काळाने बरीचशी खरी ठरवली. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही सायकायट्रिस्टच्या बरोबरीने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश आहे.

आणखी एक प्रसंग. क्लिफर्ड बिअर्स नावाच्या तरुणाने मनोरुग्णालयांत काढलेल्या दिवसांवर आणि तिथल्या छळावर पुस्तक लिहिलं. हस्तलिखित जेम्सकडे आलं. त्याने ते वाचलं, पाठिंब्याचं पत्र दिलं, आणि १९०८ मध्ये पुस्तक त्या पत्रासह छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यातून मनोरुग्णांच्या हक्कांसाठी आणि चांगल्या उपचारांसाठी राष्ट्रीय समिती उभी राहिली. मनोरुग्णांचा डॉक्टर न झालेला माणूस उतारवयात त्यांच्याच कामाला आला.

सप्टेंबर १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या क्लार्क विद्यापीठात फ्रॉइड आणि युंग व्याख्यानांना आले, तेव्हा सदुसष्ट वर्षांचा जेम्स त्यांना भेटायला गेला. फ्रॉइडबरोबर फिरत असताना मध्येच त्याच्या छातीत कळ आली. त्याने हातातली बॅग फ्रॉइडकडे दिली, तुम्ही पुढे व्हा म्हणाला, आणि कळ ओसरल्यावर गाठलं. फ्रॉइडला त्याचं ते शांत राहणं कायम लक्षात राहिलं. विचार करा, तिघंही मेडिकल शिकलेले. युंग मनोरुग्णालयात काम केलेला सायकायट्रिस्ट, फ्रॉइड मज्जातंतूंचा डॉक्टर, आणि जेम्स प्रॅक्टिसच न केलेला प्राध्यापक. तिघांनाही मनच समजून घ्यायचं होतं.

२६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशरमधल्या आपल्या घरी विल्यम जेम्स गेला. तोवर तो सायकॉलॉजीतूनही तत्त्वज्ञानाकडे सरकला होता. म्हणजे बदल शेवटपर्यंत चालूच!

मग तुम्ही काय घ्यायचं?

विल्यम जेम्स हे उत्तर देणार नाही, पण कुठे बघायचं ते दाखवतो. कुठल्या डिग्रीला जास्त मान, या प्रश्नाने त्याचं काहीच सुटलं नाही. त्याचं सुटलं ते रोजचं काम कुठलं झेपतं आणि कुठला प्रश्न डोक्यातून जात नाही हे कळल्यावर. मासे मोजणं जमलं नाही, वॉर्डमध्ये उभं राहणं झेपलं नाही, शिकवणं आणि विचार करणं मात्र त्याला उभं करून गेलं.

तुम्हीही तसंच बघा. आजारी शरीर, मेंदूतली रसायनं, औषधांचे डोस, मध्यरात्रीची इमर्जन्सी, हे सगळं आवडीने शिकायची तयारी आहे? आणि मनाच्या विभागापर्यंत पोचण्याआधी हृदय, हाडं, बाळंतपण सगळ्यातून जायची? तर सायकायट्री तुमची आहे. एका माणसासमोर आठवड्यामागून आठवडे बसून त्याचं ऐकायचंय, चाचण्या घ्यायच्यात, किंवा निरोगी माणूसही असं का वागतो यावर संशोधन करायचंय? तर सायकॉलॉजी. दोन्हीकडे शिक्षण लांबलचक आहे. फक्त बीए करून क्लिनिक उघडता येत नाही, हे आत्यालाही सांगा आणि स्वतःलाही.

आणि एकविसाव्या वर्षीच्या विल्यमसारखं करा. ठरवण्याआधी बघून या. कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला. एखाद्या हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात काम करणाऱ्यांना त्यांचा साधा मंगळवार कसा जातो ते विचारा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे काम केलेल्या सीनिअर्सना गाठा.

तरी नाही ठरलं, तर? एकतिसाव्या वर्षी पहिली नोकरी लागलेल्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिलं मोठं पुस्तक लिहिलेल्या माणसाची टीप तुमच्या सिलॅबसमध्ये आहे. पाच मार्कांना येते. या वेळी लिहिताना त्याच्या पाठदुखीची आणि त्या तीन वर्षांच्या गॅपची आठवण ठेवा.